इंजिन नवीन बांधलं तरी टकटक का येते? अँबॅसेडरच्या टॅपेट आवाजाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९८४ ची मार्क फोर अँबॅसेडर आहे, पेट्रोल, १४८९ सीसी. तिचं इंजिन दोनदा उघडलंय आणि दोन्ही वेळा बांधून झाल्यावर पहिला प्रश्न आवाजाचाच आला. कोल्हापुरात आणि बाहेरही जुन्या गाड्या जपणारी बरीच मंडळी फोन करून तेच ते विचारतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. खाली जे आहे ते ह्याच पुशरॉडवाल्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. इसुझुचं १.८ इंजिन असेल तर त्यात कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) वर हेडमध्ये असतो, ते प्रकरण वेगळं. पद्मिनीवाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल कारण तेही पुशरॉड इंजिनच, पण गॅपचे आकडे आणि व्हॉल्व्हची क्रमवारी स्वतःच्या मॅन्युअलमधूनच घ्या, माझे आकडे तिकडे लावू नका.

इंजिन नवं बांधलंय, मग टिकटिक यायलाच नको ना?

यायला पाहिजे, थोडी. हे इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी सिरीज, मॉरिस ऑक्सफर्ड गाडीबरोबर आपल्याकडे आलं आणि उत्तरपाड्याला बनत राहिलं. यात गॅप आपोआप भरून काढणारं हायड्रॉलिक काही नाही. कॅम खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, त्यावर पुशरॉड, मग रॉकर आणि मग व्हॉल्व्ह, आणि रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम १५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे ०.३८ मिलिमीटर जागा सोडलेली असते. ती जागा प्रत्येक फेरीत मिटते आणि उघडते, लोखंडावर लोखंड टेकतं, वरून पातळ पत्र्याचं टॅपेट कव्हर, म्हणजे आवाज घुमणारच. शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत चालू असावं तसा एकसारखा बारीक आवाज असेल तर गाडी चालवा आणि मजेत राहा. काळजी तेव्हा करायची जेव्हा आठ व्हॉल्व्हमधला एकच वेगळा वाजतो, किंवा काल नव्हता तो आज आलाय, किंवा गरम झाल्यावर वाढतोय.

मिस्त्री म्हणतो टॅपेट थोडे टाइट करू, म्हणजे ही जागा कमी करू, आवाज जाईल. करू का?

नाही. हे एवढं एक वाचून बाकी सोडलंत तरी चालेल.

माझ्या पहिल्या इंजिन कामाच्या वेळी हेच झालं. गाडी घेऊन आलो, तीन दिवस टकटक ऐकली, परत गॅरेजला नेली, तिथल्या माणसाने मला बरं वाटावं म्हणून सगळे टॅपेट १० थाउवर आणले आणि इंजिन इतकं शांत झालं की मी सगळ्यांना बोनेट उघडून दाखवत होतो. दोन महिन्यांनी तीन नंबरचा सिलिंडर मरायला लागला. हेड काढलं तर पाच नंबरचा व्हॉल्व्ह, एक्झॉस्टचा, त्याच्या कडेला बिस्किटाचा घास घेतल्यासारखा तुकडा गेलेला, आणि त्या जागी धातू पांढरट राखाडी झालेला. आजही तो व्हॉल्व्ह माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.

कारण साधं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः तो सीटवर (हेडमधल्या त्याच्या बसायच्या कडेवर) टेकलेला असतो तेवढ्या वेळात सीटमधून हेडमध्ये जाते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. जागा कमी ठेवली की तो पूर्ण टेकतच नाही, फटीतून पेटता गॅस शिट्टीसारखा जातो आणि कड जळते. ढिला टॅपेट ओरडून सांगतो, टाइट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह खातो. म्हणून आवाज आला की आधी कारण शोधायचं, पाना नंतर हातात घ्यायचा.

आवाज टॅपेटचाच आहे की खालून येतोय, कसं ओळखायचं?

कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ८०० वर आयडल असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनाच्या मानाने संथ वाटतो. कानाने हे जमायला सवय लागते, पण टायमिंग लाइट (प्लग पेटला की चमकणारा दिवा) असेल तर पोरालाही कळेल. लाइटची क्लिप एक नंबर प्लगच्या वायरला लावा. तो प्लग क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो म्हणजे कॅमच्या एका फेरीत एकदा. आता लाइट कुठे मारायचा नाहीये, फक्त चमक बघत आवाज ऐका. एका चमकेला एक टक येत असेल तर तो कॅमच्या बाजूचा, म्हणजे एखादा व्हॉल्व्ह, रॉकर, टॅपेट. एका चमकेला दोन येत असतील तर क्रँकच्या बाजूचं काहीतरी आहे, आणि मग टॅपेट कव्हर उघडण्यात वेळ घालवू नका.

दुसरी खूण म्हणजे एकेक प्लगची वायर काढून अर्थला धरायची, चांगल्या इन्सुलेशनचा पक्कड घेऊन, हाताने नको. सिलिंडर मारल्यावर आवाज बदलला, बसला, तर रॉड नाहीतर पिस्टन. टॅपेटला काही फरक पडत नाही कारण पेट्रोल पेटो न पेटो, कॅम त्याला उचलणारच. आणि चढाला लोड पडल्यावर खालून जड ठोका येत असेल, ठक ठक असा खोल, तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून आणा.

टॅपेटसारखा वाजतो पण टॅपेट नाही, असं काय काय असतं?

सगळ्यात फसवणारा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा लीक. हेड काढून परत लावलं की मॅनिफोल्डचं गॅस्केट पण नवं बसतं, एखादा नट कमी आवळला जातो आणि थंड इंजिनवर अगदी टॅपेटसारखी टकटक सुरू. गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजते आणि आवाज कमी होतो. फटीजवळ काळी काजळी दिसते. थंड असताना मॅनिफोल्डजवळ हात फिरवा (टेकवू नका), फुंकर लागते.

मग ढिला प्लग. मग प्लगची जुनी वायर, जी ब्लॉकला स्पार्क सोडते आणि टिकटिक करते, ती रात्री अंधारात बोनेट उघडून बघा, निळी ठिणगी दिसते. ज्या गाडीला मेकॅनिकल पेट्रोल पंप आहे त्याचा आर्म पण कॅमवरच चालतो म्हणून त्याचा ताल पण तोच असतो. आणि पुढून, रेडिएटरच्या बाजूने, सुरू करताना खडखड येऊन मग विरत असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर बघायचा.

एक आणखी, जे मला शोधायला आठवडा लागला होता. कव्हरचं कॉर्क गॅस्केट नवीन पण पातळ मिळालं होतं आणि रॉकरचा अॅडजस्टर (गॅप कमीजास्त करायचा स्क्रू) कव्हरला आतून घासत होता. कव्हर उलटं करून बघितलं तर आत दोन ठिकाणी चकचकीत ठिपके. जाड गॅस्केट टाकलं, आवाज बंद.

आठातला नेमका कुठला वाजतोय?

लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा लाकडी काठी एक टोक कानाजवळच्या हाडाला आणि दुसरं कव्हरच्या नटावर, मग पुढच्या, मग मागच्या, ही जुनी पद्धत, अंदाज येतो. पण हेडभर आवाज पसरतो म्हणून त्यावर विसंबू नका.

खात्रीची पद्धत अशी. कव्हर काढा, इंजिन अगदी हळू आयडलला, आणि चालू इंजिनवर फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्याची) पट्टी एकेका रॉकरच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सारा. ज्याच्यात पट्टी गेल्यावर आवाज बसतो तो तुमचा चोर. थोडं तेल उडतं, जुना शर्ट घाला, बाह्या मुडपा, पंख्यापासून लांब रहा. पट्टी थोडी खराब होते, तर त्यासाठी एक जुनी गेज वेगळी ठेवा.

कव्हर काढलंच आहे तर दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. प्रत्येक रॉकरमधून तेल झिरपतंय का? आणि पुशरॉड स्वतःभोवती सावकाश फिरतायत का? टॅपेट कॅमवर फिरत राहतो आणि पुशरॉडला सोबत फिरवतो. एखादा फिरतच नसेल तर त्याचा टॅपेट आणि कॅमचा लोब (उंचवटा) संशयात घ्या. दिसत नसेल तर इंजिन बंद करून पुशरॉडवर रंगाचा ठिपका लावा आणि परत चालू करून बघा.

टॅपेट सेट करायची बरोबर पद्धत काय?

नऊचा हिशोब. पुढून मागे व्हॉल्व्ह मोजायचे १ ते ८. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय त्याचा नंबर नवातून वजा करा, जो येईल तो सेट करा. आठ उघडा असेल तर एक, सहा उघडा असेल तर तीन, चार उघडा असेल तर पाच, सात उघडा असेल तर दोन, आणि उलटही तसंच. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट आणि २, ३, ६, ७ इनलेट, दोन्हींना १५ थाउच. प्लग काढून ठेवले की हँडलने किंवा टॉप गिअरला टाकून गाडी ढकलून इंजिन सहज फिरतं.

पट्टी कशी जायला पाहिजे हे शब्दात सांगणं अवघड आहे. जाड पुस्तकात दाबलेला कागद ओढताना जसा हलका अडकत येतो, फाटत नाही आणि सुटत पण नाही, तसं. स्क्रू ड्रायव्हरने अॅडजस्टर धरून ठेवायचा आणि लॉक नट आवळायचा, आणि आवळल्यावर पट्टी परत घालून बघायचीच, कारण नट आवळताना स्क्रू अर्धा थाउ, एक थाउ फिरतोच. नव्वद टक्के वेळ इथेच चूक होते असं म्हणत नाही, पण माझी तरी पुष्कळदा इथेच झालीय.

१५ थाउ बरोबर लावले, दोनदा बघितलं, तरी एक वाजतोच. असं कसं?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण उत्तर डोळ्यासमोर असतं आणि दिसत नाही. रॉकरचं जे टोक व्हॉल्व्हवर टेकतं ते वर्षानुवर्षं चालून खोलगट होतं, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या रुंदीएवढी वाटी पडते. फिलर गेजची पट्टी सपाट, ती वाटीच्या दोन कडांवर पूल बांधल्यासारखी बसते. समजा वाटी ५ थाउ खोल आहे, तर तुम्ही १५ लावले तरी खरे २० झाले. आवाज येणारच, आणि तुम्ही शपथेवर सांगाल की सेटिंग बरोबर आहे, जे तुमच्या बाजूने खरंही आहे.

इंजिन बांधताना बोअर होतो, क्रँक ग्राइंड होतो, पिस्टन नवे, बेअरिंग नवी, व्हॉल्व्ह नवे, आणि रॉकरचा सेट रॉकेलमध्ये धुऊन जसाच्या तसा परत चढतो. मी आजवर जेवढी नवी बांधलेली आवाजी इंजिनं बघितली त्यात हेच सगळ्यात जास्त सापडलं. रॉकर काढून टोकावरून नख फिरवा, कड लागली तर वाटी आहे. थोडी असेल तर चांगला वर्कशॉपवाला मूळ गोलाई ठेवून ग्राइंड करून देतो, पण कडक केलेला थर पातळ असतो, जास्त घासलं की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि काही महिन्यांत परत तेच. खोल असेल तर रॉकर बदलाच.

तेव्हाच रॉकर शाफ्ट पण बघा. शाफ्टच्या खालच्या बाजूला, जिथे दाब येतो, तिथे पायरी पडलेली बोटाला लागते. रॉकर धरून डावीकडे उजवीकडे सरकवणं वेगळं, वर खाली हलवून बघा. वर खाली खेळ असेल तर बुश आणि शाफ्ट गेलेत, आणि असा खेळ पट्टीला सापडत नाही.

रॉकरला तेलच चढत नाहीये. काय बघू?

आधी घाबरू नका, नव्या इंजिनला तेल वर पोचायला वेळ लागतो. म्हणूनच पहिल्यांदा सुरू करायच्या आधी प्लग काढून स्टार्टरवर थोडं थोडं फिरवून रॉकरवर तेल दिसेपर्यंत थांबायचं असतं. बरेच जण घाईत हे सोडतात.

तरी येत नसेल तर तेलाची वाट बघत जा. तेल ब्लॉकमधून हेडमध्ये आणि तिथून रॉकरच्या एका पेडेस्टलमधून (शाफ्टला धरणाऱ्या खांबातून) शाफ्टच्या आत जातं. हेड गॅस्केटला कोणी सढळ हाताने शेलॅक नाहीतर सिलिकॉन लावलं असेल तर ते छोटं भोक बुजतं. शाफ्ट जागेवर धरणारा लोकेटिंग स्क्रू बसला नसेल तर शाफ्ट फिरतो आणि भोकं भलतीकडे जातात. शाफ्ट धुताना टोकाचा प्लग (बूच) काढला आणि परत लावलाच नाही, तर सगळं तेल त्या टोकातून वाहून जातं आणि बाकीचे रॉकर कोरडे. हे शेवटचं मी स्वतः एका मित्राच्या गाडीत बघितलंय, शाफ्टच्या एका टोकाला तेलाचा नुसता पाट आणि दुसऱ्या टोकाचे दोन रॉकर निळे पडलेले.

आवाज गरम झाल्यावरच येतो, थंड असताना काही नाही.

गाइड बघा, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी. नवीन गाइड ठोकल्यावर आतून मापाला आणायला रीमर मारावा लागतो, तो कमी मारला असेल तर थंडीत व्हॉल्व्ह सरकतो आणि गरम झाल्यावर दांडा फुगून गाइडमध्ये धरतो, उशिरा बंद होतो, आणि तेवढ्या वेळात रॉकरखाली जागा वाढून टक वाजते. माझी गाडी करूळ घाट चढून गगनबावड्याला आली की वाजायची आणि कोल्हापुरात गॅरेजला पोचेपर्यंत चहाला थांबून थांबून थंड होऊन गप्प. तिसऱ्या वेळेला मी गगनबावड्यालाच कव्हर उघडलं, वाजणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेलाचे चार थेंब सोडले आणि मिनिटभरात आवाज बदलला. गाइडचं निदान तिथेच झालं. व्हॅक्युम गेज असेल तर अडकणाऱ्या व्हॉल्व्हला काटा मधूनच एकदम खाली झटका देऊन परत जागेवर येतो, जळालेल्या व्हॉल्व्हला मात्र तो ठराविक तालात पडत राहतो.

गाइड बदलले आणि सीट परत कापली नाही तर व्हॉल्व्ह एका बाजूला आधी टेकतो, तो पण वाजतो आणि कॉम्प्रेशनही सोडतो. गाइड आणि सीट जोडीनेच करायचं काम आहे.

दर हजार किलोमीटरला तोच टॅपेट ढिला होतोय.

इथे मात्र खरंच काळजी करा. नव्या इंजिनात जागा साधारण कमीच होत जाते. हेड गॅस्केट दबतं, हेड जरा खाली बसतं, व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो, हे सगळं टॅपेट टाइट करणारं आहे. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं, तेव्हापासून जुन्या मऊ सीट तर जास्तच रुततात. म्हणजे वाढायचं कारणच नाही. लॉक नट ढिला नाही ना ते बघा, आणि तो पक्का असूनही जागा वाढत असेल तर काहीतरी झिजतंय आणि बहुतेक वेळा तो कॅमचा लोब आणि टॅपेटचा तळ असतो.

खात्री करायची तर डायल गेज पुशरॉडच्या टोकावर लावून प्रत्येक लोब किती उचलतो ते मोजा, चार इनलेट एकमेकांशी आणि चार एक्झॉस्ट एकमेकांशी ताडून बघा. एक कमी भरला की झालं. ह्या इंजिनाची चांगली गोष्ट म्हणजे ब्लॉकच्या बाजूला झाकणं आहेत, इंजिन न उतरवता टॅपेट काढता येतात. पुशरॉड वर ओढताना आधी हलवून तेलाची पकड सोडवा नाहीतर टॅपेट सोबत वर येऊन आडवा पडतो. टॅपेटच्या तळाला खड्डे, माशीच्या पायांच्या ठशांसारखे, दिसले तर कॅम आणि टॅपेट दोन्ही बदलायचे. जुन्या कॅमवर नवे टॅपेट एकवेळ चालतात, पण नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाही. आणि जुनेच परत घालणार असाल तर ज्या लोबचा टॅपेट त्याच लोबवर, काढतानाच पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाकून ठेवा.

नवा कॅम बसवल्यावर इंजिन सुरू झालं की लगेच २००० च्या आसपास नेऊन वीस मिनिटं ठेवायचं, आयडलला सोडायचं नाही, कारण आयडलला कॅमवर तेल कमी उडतं. टॅपेटच्या तळाला आधी असेंब्ली लूब नीट चोपडा.

ऑइल कुठलं टाकू? दाट टाकलं तर आवाज जाईल का?

२०डब्ल्यू-५० मिनरल, साधं. नवीन गाड्यांसाठीच्या पातळ ग्रेडमध्ये, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा असते, आणि झिंक-फॉस्फरस हेच तर कॅम आणि टॅपेटच्या मध्ये पडून जीव वाचवतं. आणि २०डब्ल्यू-५० पेक्षा दाट टाकून आवाज दाबायचा प्रयत्न म्हणजे सकाळी थंड इंजिनला रॉकर जास्त वेळ कोरडे ठेवणं.

हेड घासून आणलंय, त्याचा काही संबंध?

आहे. हेड किंवा ब्लॉक जेवढा घासला तेवढा पुशरॉड तुलनेने लांब झाला. थोडं असेल तर अॅडजस्टर सांभाळून घेतो. जास्त असेल तर रॉकरचा कोन बदलतो, टोक व्हॉल्व्हच्या मध्यावर न टेकता कडेला टेकतं आणि दांड्याला बाजूला ढकलत राहतं. पेडेस्टलखाली शिम (पातळ चकती) घालून हे सुधारतं, पण तेलाच्या पेडेस्टलखालच्या शिमला भोक ठेवायला विसरू नका.

परत कधी बघायचं?

पाचशे किलोमीटरला हेड परत टॉर्क करायचं (नट ठरल्या जोराने आवळायचे) आणि त्यानंतर टॅपेट परत सेट करायचे, हा क्रम उलटा करायचा नाही, कारण हेडचा नट फिरला की रॉकरखालची जागा बदलते. त्यानंतर मी दर पाच हजारांना बघतो. आणि सेट करायच्या आधी आठही जागा मोजून वहीत लिहितो, आधी लिहायचं, मग फिरवायचं. वहीत ५ नंबरच्या ओळीत गेली तीन वेळ १५, १४, १४ असं आहे, म्हणजे सीट जरा बसतेय, ठीक आहे. ७ नंबरला १५, १७, १८ आलंय. दिवाळीनंतर बाजूचं झाकण उघडून तो टॅपेट बाहेर काढणार आहे.